शेवटची दहा मिनिटं आणि पावणेसहाची गाडी

मी फुटबॉल शिकवायचो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडं पाहतो आणि मग विचारतो, "संभाजीनगरात फुटबॉल कोण खेळतं?" मी सांगतो, "मुली खेळायच्या." यावर तो चहा मागवतो. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. नोकरीबद्दल लिहा असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा एक गोष्ट त्यांना आधीच कबूल करून टाकली. माझ्या हाताखालच्या संघानं राज्य स्पर्धेचं मैदान एकदाही पाहिलं नाही. ते म्हणाले, मग तेच लिहा. म्हणून तेच लिहितोय.

गारखेड्यातल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. या कामाबद्दल लोकांची समजूत अशी की गळ्यात शिट्टी अडकवायची आणि पोरांना उन्हात पळवायचं. प्रत्यक्षात इतिहासाचे सर रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर बसायचं, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी अडकणार नाही हे चौदालाच पाहायचं, आणि शाळेत कुठलंही टेबल इकडचं तिकडं करायचं असलं की पहिली हाक पीटीच्या सरांना. कपाटं मी इतकी हलवली आहेत की शाळेच्या कुठल्या खोलीत फरशीला उंचवटा आहे हे मला आजही पाठ आहे. या सगळ्यातून जो वेळ उरे, तो फुटबॉलचा.

फुटबॉल आमच्याकडं आला तोही चुकून. मी व्हॉलीबॉल मागवले होते, पोतं उघडलं तर आत सहा फुटबॉल. परत पाठवायचे तर अर्ज, उत्तर, स्मरणपत्र असा दोन वर्षांचा उद्योग झाला असता. मैदानाचा सपाट भाग मुलांच्या क्रिकेटनं अडवला होता. नाल्याकडं उतरता असलेला मुरमाड भाग मोकळा होता, कारण तिथं पडलं की गुडघा फुटे. तिथं मी अकरावी-बारावीच्या मुलींना चेंडू दिला. पहिल्या आठवड्यात चेंडू नाल्यात जास्त आणि पायात कमी होता. पण मुली येत राहिल्या. शाळेत दोन तास तरी कुणी वेणीवरून, चालण्यावरून, हसण्यावरून बोलत नाही अशी ती एकच जागा आहे, असं आमची गोलरक्षक नाजनीन एकदा म्हणाली होती.

नाजनीनचे वडील सलीमभाई शहागंजात शिवणकाम करायचे. संघाला गणवेश नाही हे कळल्यावर त्यांनी आपण होऊन मापं घेतली. आयुष्यभर शेरवान्या शिवलेला माणूस. त्यांनी शिवलेल्या अठराच्या अठरा शर्टांना ताठ कॉलर होती, बाहीला कफ होता आणि कफाला दोन-दोन बटणं. पहिल्या सामन्यात पंचांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, मॅच आहे का वरात?" सलीमभाई प्रत्येक सामन्याला गोलच्या मागं उभे राहायचे आणि मुलीला सूचना द्यायचे. पंच त्यांना हाकलायचे, ते दहा पावलं मागं जायचे, पाच मिनिटांत परत तिथंच. हा माणूस पुढं येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

आता खेळाबद्दल थोडं, ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी. गोल करणाऱ्या मुलींची नावं पेपरात येतात. त्यांच्या मागं चौघी असतात, गोलरक्षकाच्या पुढं, ज्यांचं काम गोल होऊ न देणं. या बचावाच्या फळीला कुणी टाळ्या वाजवत नाही. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी तर एकदा विचारलं होतं, "या मागच्या चौघी नुसत्या उभ्याच का असतात?" या चौघींच्या मधोमध जी उभी असते तिच्यावर सगळी भिस्त. ती डगमगली की बाकीच्या तिघी डगमगतात. आणि सामन्याचा खरा कस शेवटच्या दहा मिनिटांत लागतो. पाय जड झालेले असतात, श्वास लागलेला असतो, आणि आपण एका गोलनं पुढं असलो की प्रशिक्षकाचं लक्ष खेळावरून उडून घड्याळावर जातं.

माझं ते इतरांपेक्षा लवकर जायचं, त्याला कारण होतं. मी स्वतः कॉलेजात असताना बचावात खेळायचो. एका सामन्यात आम्ही एकनं पुढं होतो, शेवटची दोन मिनिटं होती, आणि मला काय सुचलं कोण जाणे, चेंडू घेऊन मी पुढं धावत सुटलो. चेंडू हिसकावला गेला. माझी जागा रिकामी होती आणि तिथूनच गोल झाला. पुढं टायब्रेकरमध्ये हरलो. परतीच्या टेम्पोत माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. पुढं मी शिक्षक झालो, लग्न झालं, केस पिकले, पण ती रिकामी जागा मनातून गेली नाही.

त्यामुळं माझा नियम ठरून गेला. पुढं आहोत ना, मग शेवटच्या दहा मिनिटांत काही नवं करायचं नाही. गोल करणारी मुलगी मागं ओढायची, सगळ्यांना गोलसमोर उभं करायचं, चेंडू येईल तसा लांब मारायचा. मी काठावरून दोन्ही हात खाली ओढून खूण करायचो. मुली म्हणायच्या, "सरांनी शटर ओढलं." आणि खरं सांगतो, या नावाचा मला राग यायचा नाही. उलट मनातून बरं वाटायचं, की चला, आपली म्हणून काही एक पद्धत आहे.

आता कोमलकडं येतो.

कोमल बिडकीनच्या पुढच्या एका गावातून यायची. अकरावीला आली तेव्हा तिनं फुटबॉल पाहिलेला नव्हता, पण अंगावर येणाऱ्याला ती बिचकत नसे. घरी म्हशी होत्या, त्याचा उपयोग झाला असावा. पहिल्याच महिन्यात मी तिला बचावाच्या मधोमध उभी केली. तिचा पाय चेंडूवर अचूक पडायचा, आणि समोरची कुठं वळणार हे तिला आधी कळायचं. अशी मुलगी मला वीस वर्षांत मिळाली नव्हती.

पण तिच्यात एक खोट होती. पहिला अर्धा तास ती भिंत, दुसऱ्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं ती भिंत, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तिचं काहीतरी व्हायचं. चेंडू समोर असताना नजर भलतीकडं जायची, मैदानाच्या फाटकाकडं. घाईघाईनं कसाही चेंडू मारायची. एकदा चेंडू बाहेर गेला तर आणायला इतकी जोरात धावली की पंचही हसले. मला वाटलं, दडपण. मोठी खेळाडू आहे, पण शेवटी हिचा जीव घाबरा होतो. मैदानात घड्याळ घालायचं नाही असा माझा नियम असताना ती मनगटावर रुमाल बांधून त्याखाली घड्याळ लपवायची. मी तिला दोन वर्षं "घड्याळवाली" म्हणून चिडवलं. ती हसायची. आता ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही.

मी काय केलं? जे कुठलाही सावध माणूस करील तेच. शेवटची दहा मिनिटं आली की कोमलला बाहेर काढायचं आणि श्रुतीला आत घालायचं. श्रुती उंच होती, आज्ञाधारक होती, आणि चेंडूला घाबरायची. पण ती फाटकाकडं पाहत नव्हती, एवढं मला पुरेसं होतं. बाहेर आली की कोमल बूट सोडून पिशवी उचलायची आणि म्हणायची, "येते सर." मला वाटायचं, रुसली. मी म्हणायचो, जाऊ दे, खेळाडूला थोडा राग असावाच.

आमचे सामने उशिरा संपायचे याचं कारण खेळात नव्हतं. तीनचा सामना तीनला सुरू झालेला मी पाहिलेला नाही. आधी प्रमुख पाहुणे यायचे असतात. ते येईपर्यंत दोन्ही संघ रांगेत उन्हात उभे. मग पाहुण्यांना शाल, श्रीफळ, मग सोबत आलेल्यांना हार, मग ज्यांचं नाव राहिलं त्यांची समजूत. मग पाहुणे दोन शब्द बोलतात, ते वीस मिनिटं चालतात. मग त्यांनी चेंडूला पाय लावायचा, त्याचा फोटो नीट येईपर्यंत तीनदा. सामना सुरू व्हायला सव्वाचार, साडेचार. हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की या उशिराचा कुणाला काही त्रास होत असेल, हे डोक्यातच आलं नाही. मला कुठं जायचं होतं? मी गारखेड्यात राहायचो. स्कूटरला किक मारली की घर.

कोमल बारावीत असताना आम्ही जिल्ह्याचा अंतिम सामना जिंकलो. तो जिंकणं हे माझं सगळ्यात मोठं नुकसान. एक शून्यनं पुढं होतो. नेहमीप्रमाणं मी शटर ओढलं, कोमल बाहेर, श्रुती आत. त्या दहा मिनिटांत समोरच्या संघानं आमच्या गोलवर इतके फटके मारले की सलीमभाई गोलमागं खाली बसून डोळे मिटून पुटपुटत होते. दोनदा चेंडू खांबाला लागला. एकदा नाजनीनच्या पाठीला लागून बाहेर गेला, तिला तो दिसलाही नव्हता. शिट्टी झाली, आम्ही जिंकलो, आणि लोक माझ्या पाठीवर थाप मारू लागले. "सर, काय अनुभव तुमचा." मी मान हलवली. खांबाच्या वाटणीचं कौतुक मी खिशात घातलं आणि घरी आलो.

त्याच आठवड्यात कोमलचे वडील शाळेत आले. भाऊसाहेब म्हणत त्यांना. धोतर नाही, पँट-शर्ट, पायात धुळीच्या चपला, बोलणं मोजकं. शिक्षकांच्या खोलीत बसायला सांगितलं तर उभेच राहिले.

"सर, पोरगी म्हंती पुण्याला जायचं. खेळाचं कॉलेज हाय म्हनं, होस्टेलवर राहून."

"हो. शारीरिक शिक्षणाची पदवी. चांगलं आहे. राज्य पातळीचं प्रमाणपत्र असलं तर प्रवेशाला जोर येतो."

"मला काय त्यातलं कळत नाय. पैठणला कॉलेज हाय, घरून जाऊन-येऊन होतंय. तिची आई म्हंती पुणं लई लांब." ते जरा जवळ आले. "म्या तिला एक शब्द दिलाय. राज्याला खेळायला गेली, तर मी आडवा येत नाय. पुण्याला जा म्हनलं. अन् नाय गेली, तर मंग माझं ऐकायचं. पैठण."

"विभागाचा अंतिम सामना जिंकला की राज्य. दोन सामने आहेत मधे," मी म्हणालो.

"तेच इचाराया आलो. व्हईल का?"

मी म्हणालो, "होईल." प्रशिक्षकाला दुसरं काही म्हणता येत नाही, पण मी ते मनापासून म्हणालो होतो. जाताना ते दारात थांबले. "सर, पोरगी म्हंती सर मला शेवटाला बाहेर काढतेत. काही चुकतंय का तिचं?" मी म्हणालो, "नाही नाही, तिला विश्रांती देतो." ते बरं म्हणाले आणि गेले. त्या क्षणी मी बाहेर जाऊन कोमलला विचारलं असतं, की बाई, शेवटी तुला होतं काय, तर हा लेख वेगळा झाला असता. मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत आहे अशी माझी खात्री होती.

विभागाच्या उपांत्य सामन्यात आम्ही तीन गोलनी पुढं होतो, त्यामुळं तिथं काही बिघडलं नाही. अंतिम सामना आपल्याच शहरात होता. दोन वाजता रांगा लागल्या, पाहुणे पावणेचारला आले, सामना पावणेपाचला सुरू झाला. हिवाळ्याचे दिवस, ऊन लवकर उतरतं.

त्या दिवशी आमच्या मुली जशा खेळल्या तशा आधी कधी खेळल्या नव्हत्या. पहिल्या अर्ध्या तासात प्रणालीनं, म्हणजे आमच्या गोल करणाऱ्या मुलीनं, गोल केला. त्यानंतर चेंडू बहुतेक समोरच्यांच्याच अर्ध्यात. जेव्हा कधी तो आमच्याकडं यायचा, तेव्हा कोमल तो शांतपणे घ्यायची, मान वर करून पाहायची आणि नेमका प्रणालीच्या पायात द्यायची. फाटकाकडं तिची नजर एकदाही गेली नाही. मनगटावर रुमालही नव्हता. हे सगळं मला दिसत होतं. पण मी बघत होतो माझ्या घड्याळाकडं, आणि माझ्या घड्याळात दहा मिनिटं राहिली होती.

मी दोन्ही हात खाली ओढले. प्रणालीला मागं बोलावलं. आणि श्रुतीला म्हणालो, तयार हो.

कोमल काठापर्यंत आली. दमलेली नव्हती. म्हणाली, "सर, आज मला राहू द्या की. आज मी नाजनीनकडंच राहनारय."

मला वाटलं, ही काय भलतंच बोलतेय. राहणार कुठं याचा इथं काय संबंध? मी म्हणालो, "ते नंतर बोलू. पाणी पी."

तिनं श्रुतीच्या खांद्यावर हात ठेवून तिला काहीतरी सांगितलं आणि माझ्यापासून लांब, सगळ्यांच्या पिशव्यांपाशी जाऊन उभी राहिली. बसली नाही.

पुढची दहा मिनिटं मी आजही एक-एक करून सांगू शकतो. गोल करणारी मागं आणल्यामुळं पुढं आमचं कुणीच नव्हतं. आम्ही चेंडू लांब मारायचो, तो थेट समोरच्यांच्या पायात, आणि तिथून परत आमच्या अंगावर. पुन्हा मारायचो, पुन्हा परत. ज्या फळीवर माझा भरवसा नव्हता, सगळा खेळ नेऊन मी तिच्याच अंगावर ढकलला होता. इतकी साधी गोष्ट त्या दिवशीपर्यंत मला समजली नव्हती. सहा मिनिटं राहिली असताना एक उंच चेंडू आला. तो डोक्यानं घालवायला श्रुती उडाली आणि बचावाची सवय नसलेली प्रणालीही उडाली, दोघी एकमेकींवर आदळल्या आणि चेंडू मधून घरंगळत आत गेला. एक-एक.

मी वळून कोमलकडं पाहिलं. तीही माझ्याकडं पाहत होती. पण बाहेर काढलेली मुलगी पुन्हा आत घालता येत नाही, हा नियम आम्हा दोघांनाही ठाऊक होता. शेवटच्या मिनिटाला मधोमधून, जिथं ती उभी राहायची तिथूनच, समोरची एक किडकिडीत मुलगी चेंडू घेऊन सरळ चालत आल्यासारखी आली आणि दुसरा गोल झाला. श्रुतीला दोष देऊ नका. तिला त्या जागी मी उभं केलं होतं.

मुली रडल्या. मी जे बोलायचं असतं ते बोललो. त्यांना कळलं की मी नुसतं बोलतोय. सहा वाजत आले होते, उजेड कमी झाला होता. सगळ्या पांगल्यावर कोमल बूट पिशवीत भरत होती. पिशवीत घडी केलेला एक सलवार-कमीज, टॉवेल आणि कंगवा दिसला.

मी विचारलं, "तू घरी कशी जाणार आता?"

दोन वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारला.

"पावनेसहाची गेली सर," ती म्हणाली. "पैठणच्या गाड्या असतेत पुढं, पण त्या फाट्यावर सोडतेत. तिथून गाव चार किलोमीटर हाय. गावातून पैठणला जानारी ही एकच. पण आज चालतंय. नाजनीनच्या घरी सांगून ठिवलंय, अन् माझ्या घरी पण."

"म्हणजे रोज..."

"रोज काय नाय. मॅच असली की."

"मला का नाही सांगितलंस?"

ती पिशवीची चेन लावत होती. "सांगितलं असतं तर तुमी म्हनले असते, मंग नको खेळू बाई, उगं जोखीम. तुमी लई काळजी करता सर."

खरं होतं. मी तसंच म्हणालो असतो. त्या मुलीनं मला माझ्यापेक्षा नीट ओळखलं होतं.

सलीमभाई नाजनीनला आणि कोमलला न्यायला आले. त्यांचा गळा बसला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, बुरा मत मानना. मैं तो पीछेच खडा रहता ना, मेरेकू सब दिखता. ये बच्ची आज पहली बार बेफिकर खेली. आज इसकू घडी की फिकर नै थी. आज नै निकालना था." मग माझा चेहरा पाहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाने दो. खेल है." रिक्षात बसताना कोमलनं मला हात केला, नेहमीप्रमाणं म्हणाली, "येते सर." ती रुसलेली कधीच नव्हती. तिला फक्त गाडी गाठायची असायची.

बारावीनंतर भाऊसाहेब दाखला न्यायला आले. माझ्याशी नीट बोलले, गावाकडची जांभळं आणली होती. "बोलल्यापरमानं झालं सर. पैठणला नाव घातलं." मी म्हणालो, पुण्याचं पुन्हा एकदा बघू या का, राज्याचं नसलं तरी विभागाचं प्रमाणपत्र आहे, मी पत्र देतो. ते म्हणाले, "शब्द म्हंजी शब्द असतो ना सर. तिनं बी कबूल केलाय." पैठणच्या त्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल नव्हता. जांभळं गोड होती. मला एकच खाववलं, बाकी शिपाईमामांना दिली.

त्यानंतर नोकरीची सहा वर्षं राहिली होती. जूनमध्ये नवीन मुली आल्या की मी आधी वहीत लिहून घ्यायचो, कुठून येतेस, शेवटची गाडी किती वाजता, स्टँडवर कोण सोडतं. सामन्याच्या ठिकाणी आयोजकांशी हुज्जत घालायचो. एकदा तर पाहुण्यांचा सत्कार मध्यंतरात ढकलला, त्या वर्षी माझ्याविरुद्ध तक्रार गेली. शेवटची दहा मिनिटं प्रणालीच्या जागी जी असेल तिला मी पुढंच ठेवायचो. हात खाली ओढायची सवय जाईना, म्हणून हात खिशात घालून उभा राहायचो. तरीही आम्ही राज्याला गेलो नाही. एकदा तर चांगले तीन-एकनं हरलो. सरांनी धडा घेतला आणि यश मिळालं, असं सांगायची माझी सोय नाही.

गेल्या वर्षी नाजनीनकडून कळलं, कोमल एसटीत कंडक्टर झालीय, लग्न झालंय, एक मुलगी आहे, आणि तिची ड्युटी बऱ्याचदा पावणेसहाच्या त्याच गाडीवर असते. मी चार-पाच दिवस विचार केला आणि एका संध्याकाळी स्टँडवर गेलो. पैठणला माझं काही काम नव्हतं.

खाकी गणवेशात ती दारातच उभी होती. पहिल्यांदा तिनं ओळखलं नाही, मग ओळखलं तेव्हा पाया पडायला वाकली, मी अडवलं. "सर, तुमी? पैठणला कुनाकडं?" मी म्हणालो, असंच. तिनं मला कंडक्टरच्या सीटशेजारी बसवलं. "अर्धं तिकीट लागतं का सर?" "अजून नाही," मी म्हणालो. ती हसली आणि पूर्ण तिकीट फाडलं. गाडी भरत होती. मी घरून वाक्य ठरवून आलो होतो, ते म्हणून टाकलं.

"कोमल, त्या दिवशी तुला बाहेर काढायला नको होतं मी."

ती मशीनमध्ये काहीतरी दाबत होती. "कोनच्या दिवशी सर?" म्हणाली. आणि मग, जराही राग नसलेल्या आवाजात, "मला तर तुमी प्रत्येक मॅचला काढलं होतं."

मी हातातलं तिकीट खिशात ठेवलं. पुढून ड्रायव्हरनं आवाज दिला, "चला मॅडम, भरली गाडी. निघायचं का?"

"वेळ व्हायची हाय अजून," कोमल म्हणाली.

"दोन मिनिटं तर राहिलेत."

"दोन मिनिटांत लई होतंय, दादा. थांबा."

ती दारात जाऊन उभी राहिली. एक हात दांड्याला, आणि नजर स्टँडच्या फाटकाकडं. ती नजर मी ओळखली. दोन वर्षं तिला मी भीती समजत होतो. गाडीत कुणीतरी कुरकुर करत होतं, ती तिकडं वळलीही नाही. मग फाटकातून तीन मुली पळत आल्या, पाठीवर पिशव्या, एकीच्या पायात अजून खेळाचे लांब मोजे, गुडघ्याला मुरूम चिकटलेला. कोमलनं हात देऊन एकेकीला आत ओढलं, त्यांच्यामागं कुणी राहिलं नाही ना ते पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. बरोबर पावणेसहा झाले होते. तिनं दार लावलं आणि दोनदा घंटी मारली.